एकटा माणूस पाहिजे

सेवा क्लबात सहसचिव नावाचं एक पद असतं. ते कोणी मागत नाही आणि एकदा गळ्यात पडलं की काढताही येत नाही. अध्यक्ष भाषण करतो, सचिव अध्यक्षाची ओळख करून देतो, आणि सहसचिव माइक चालू आहे की नाही ते बघतो. पाहुणे उशिरा आले तर लोकांना थोपवून धरायचं काम सहसचिवाचं, आणि पाहुणे वेळेवर आले तर लोक गोळा करायचं कामही त्याचंच. आमचे सहसचिव हे काम इतकी वर्षं करत होते, की त्यांना काही नाव आहे हेच लोक विसरले होते. इमारतीत, विमा कचेरीत, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे, सगळीकडे ते नुसते सहसचिव. बायकोसुद्धा चिडली की ‘अहो सहसचिव’ म्हणायची, आणि हल्ली ती वरचेवर चिडायची.

पण पदाचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. दुःख होतं साडूचं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. टायरचं दुकान, उंची भरपूर, डोक्यावर सगळे केस शाबूत आणि वर पुन्हा हसरा. माणसाने एकतर उंच असावं नाहीतर हसरं असावं. दोन्ही असणं म्हणजे दुसऱ्याचा विचारच न करणं. आणि गंमत अशी की त्याला क्लबात आणलं ते सहसचिवांनीच. बायको म्हणाली, ‘धाकटी सांगत होती, हे रविवारी नुसते लोळत असतात. घेऊन जा ना तुमच्याबरोबर.’ गेले घेऊन. वाटलं, खुर्च्या उचलायला एक माणूस मिळाला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

पहिल्याच वर्षी साडूने झाडं लावली. झाडं क्लब दर वर्षीच लावायचा आणि ती दर वर्षी मरायची. त्यात कोणाला वावगं वाटत नसे, उलट सोयच होती. पुढच्या वर्षी तेच खड्डे कामाला यायचे. साडूची झाडं जगली. नुसती जगली नाहीत, तर एवढी वाढली की पुढच्या वर्षी क्लबाला झाडं लावायला जागाच उरली नाही. मग त्याने डोळे तपासायचं शिबिर घेतलं. सहसचिवांनी पूर्वी असंच शिबिर घेतलं होतं, तेव्हा डॉक्टर आले होते आणि लोक आले नव्हते. साडूच्या शिबिराची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी सहसचिवही रांगेत उभे राहिले, तर त्यांचाच नंबर वाढलेला निघाला. आता साडूचं यश जास्त स्पष्ट दिसणार, एवढाच त्यांच्या लेखी त्या चष्म्याचा उपयोग होता.

सहसचिवांच्या पोटात दुखायचं. उगीच दुसरं नाव कशाला द्यायचं? जळायचे ते. साडू लग्नकार्यात भेटला की ते त्याच्याशी गोड बोलायचे आणि घरी येऊन बायकोला विचारायचे, ‘हा केसांना काय लावतो गं?’

यंदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. या क्लबात निवडणूक होत नाही, कारण निवडणूक झाली की क्लब फुटतो. त्याऐवजी रीत अशी की वर्षभरात प्रत्येकाने आपापला उपक्रम करायचा, वार्षिक सभेपर्यंत तो गुप्त ठेवायचा, आणि सभेत ज्याचा उपक्रम सरस ठरेल त्याच्या गळ्यात पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद. नियम एकच, पण कडक. लाभार्थीने स्वतः स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. हा नियम होण्याचं कारण म्हणजे, पूर्वी एका सभासदाने भटक्या कुत्र्यांची सेवा केल्याचं सांगितलं आणि साक्षीला कुत्रं काही त्याला आणता आलं नाही. तेव्हापासून लाभार्थी बोलता पाहिजे असा ठराव झाला.

चालू अध्यक्षा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या पायउतार होणार होत्या आणि जो तो म्हणत होता की पुढचा अध्यक्ष साडूच. म्हणजे सहसचिवांनी आपल्याच साडूसाठी माइक लावायचा, ‘हॅलो, हॅलो’ करायचं, आणि खाली उतरून टाळ्या वाजवायच्या. या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

‘धाकटीला विचार ना, तो यंदा काय करतोय,’ ते बायकोला म्हणाले.

‘विचारलं. म्हणाली, मला सांगितलंय पण ताईला सांगायचं नाही असं बजावलंय.’

‘अगं पण सख्खी बहीण तुझी!’

‘म्हणूनच सांगत नाही ती,’ बायको म्हणाली. ‘तुम्ही तुमचं काहीतरी करा. तो काय करतो ते बघण्यातच तुमचं वर्ष जातं.’

टोमणा बसला, पण उपयोगी पडला. सहसचिवांनी डोकं खाजवून एक कल्पना काढली. एकाकी ज्येष्ठांना सोबत. शहरात एकटी म्हातारी माणसं पैशाला पासरी, त्यातलं एक गाठायचं, रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचं, आणि वर्षअखेरीला त्याला स्टेजवर उभं करायचं. म्हातारं माणूस गहिवरून बोललं की सगळं सभागृह डोळे पुसणार. झाडं कितीही वाढली तरी गहिवरत नाहीत.

कल्पना नामी होती, घोडं अडलं ते माणसापाशी.

पहिल्यांदा ते पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. बाई एकट्या राहायच्या, म्हणजे अर्धं काम झालंच होतं. बाईंनी त्यांचं सगळं बोलणं दारातच ऐकून घेतलं. आपण वही घरी विसरून आलो आहोत असं सहसचिवांना उगीचच वाटत राहिलं.

‘एकटं राहणं वेगळं आणि एकटं असणं वेगळं,’ बाई म्हणाल्या. ‘मी एकटी राहते. तुमचं काय ते तुम्ही बघा.’ आणि दार लावून घेतलं.

मागच्या गल्लीतल्या मावशी त्यापेक्षा प्रेमळ. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, आणि मग आपला आठवडा सांगितला. पोहणं, शिवणाचा वर्ग, चित्रं काढणं, मैत्रिणींबरोबर सहल, नातवंडं. ‘पुढच्या महिन्यात बघू एखादी दुपार निघते का,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुम्ही फारच रिकामे असाल तर शिवणाच्या वर्गाला या. तिथे पुरुषमाणूस कोणी नाही.’

आता प्रत्येकाचा सल्ला येऊ लागला. न्हावी म्हणाला, म्हातारे माझ्याकडे येतात, पण ते गप्पा मारायला येतात, त्यांना एकटं कसं म्हणायचं? शेजारचे वकील म्हणाले, ‘माणूस नंतर मिळेल. आधी दाखला घ्या. उद्या तो स्टेजवर उलटला, मी एकटा नव्हतोच म्हणाला, तर काय कराल?’ वकिलांचा सल्ला फुकट असला की तो नेहमी महागात पडतो. पण सहसचिव विमा कचेरीतले. दाखल्याशिवाय माणूस मेला आहे यावरही त्यांचा विश्वास बसायचा नाही. रजा टाकून ते नगरपालिकेत गेले.

‘कसला दाखला म्हणालात?’ कारकुनाने विचारलं.

‘एकटेपणाचा.’

‘राहत असल्याचा आहे. हयात असल्याचा आहे, हयात नसल्याचा आहे. एकटं असल्याचा नाही.’

‘मग काय करायचं?’

‘साध्या कागदावर अर्ज करा. संबंधित इसमाने स्वतः यायचं. सोबत त्याला चांगले ओळखणारे दोन साक्षीदार.’

‘अहो, चांगले ओळखणारे दोघे असते तर तो एकटा कशाला असता?’

कारकुनाने प्रामाणिकपणे विचार केला. ‘मग तो नियमात बसत नाही,’ असं म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

यानंतर एक म्हातारे गृहस्थ मिळाले, समोरच्या इमारतीतले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते सगळ्यालाच हो म्हणाले. सहसचिव खूश होऊन घरी आले. संध्याकाळी त्या गृहस्थांचा मुलगा सहसचिवांच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहून विचारत होता, ‘आम्ही काय बापाला टाकलंय का? एकाकी म्हणजे काय? कोण एकाकी?’ प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. सहसचिवांनी पुष्कळ समजावलं, की एकाकी हा शब्द उपक्रमापुरता आहे, मनावर घेऊ नका. मुलाने तो मनावर घेतला. जाताना तो म्हणाला, ‘समाजसेवा करायची तर आधी स्वतःच्या घरात करा.’ वरच्या मजल्यावरून बायको ‘तेच म्हणते मी’ असं म्हणाल्याचं सहसचिवांना ऐकू आलं, आणि ते खालच्या पायरीवर मटकन बसले.

साडूचा लाभार्थी एव्हाना भाषण पाठ करत असेल, असं त्यांच्या मनात आलं. साडूला माणसं आपणहून मिळतात. साडू रस्त्यात उभा राहिला तरी दोन लाभार्थी येऊन चिकटतील. आपण हातात सेवा घेऊन दारोदार हिंडतोय आणि लोक दारं लावून घेतात. हे सगळं ते बहुधा अर्धवट मोठ्याने बोलत होते, कारण तळमजल्याचं दार उघडलं आणि कंडक्टर आजोबा बाहेर आले.

आजोबा बसमधले निवृत्त कंडक्टर. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, ती दिवेलागणीला परतायची. तोवर आजोबा घरात एकटे. अजूनही ते दोन माणसं दारात उभी दिसली की ‘पुढे सरका’ म्हणायचे. त्यांनी सहसचिवांना जरा वेळ निरखून पाहिलं.

‘इथे पायरीवर कशाला? आत बसायला जागा आहे,’ ते म्हणाले. ‘मी कोणीतरी शोधतच होतो.’

सहसचिवांचे कान उभे राहिले. ‘कशासाठी?’

‘असंच. दिवसभर घरात मी एकटा. समोर माणूस असला की बरं.’

आंधळा मागतो एक डोळा, असं झालं. पण सहसचिव आता शहाणे झाले होते. एकाकी, उपक्रम, लाभार्थी, यातला एकही शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. ‘मी रोज संध्याकाळी येत जाईन,’ एवढंच म्हणाले.

‘रोज?’ आजोबांचा चेहरा उजळला. ‘मला वाटलं, तुमची मनधरणी करावी लागेल.’

बिचारे, किती आसुसलेत, असं वाटून सहसचिवांचे डोळे भरून आले. हे सभेत सांगायचं, असंही त्यांनी मनाशी ठरवलं.

मग रोजचं जाणं सुरू झालं. आजोबा समोर टोपलीभर मटार ठेवायचे. हात चालू असले की बोलणं सुचतं, असं त्यांचं म्हणणं. सहसचिव मटार सोलायचे आणि आजोबांचं मन रमवण्यासाठी काहीबाही बोलायचे. काय बोलायचं असा प्रश्न पहिल्या दिवशी पडला, तेव्हा ते सहज साडूवर आले आणि पुढे तोच विषय पुरला. साडूचं नाव किंवा धंदा ते तोंडातून काढत नसत, त्याने घशाशी जळजळ व्हायची. नुसतं ‘आमचा साडू’. आमच्या साडूची झाडं, आमच्या साडूची रांग, आमच्या साडूचे केस. आजोबा मन लावून ऐकायचे. मधूनच विचारायचे, ‘रात्री झोप लागते का?’ किंवा ‘हे नक्की कधी सुरू झालं?’ म्हाताऱ्या माणसाला बोलायला विषय हवा असतो, म्हणून सहसचिव सगळं तपशीलवार सांगायचे. टोपली रिकामी व्हायची, सून घरी यायची, आणि सहसचिव उठायचे. परतताना त्यांना फार हलकं वाटायचं. समाजसेवेने माणसाला समाधान मिळतं म्हणतात ते खोटं नाही, असं ते बायकोला सांगायचे.

‘मटार सोलता म्हणे तिथे,’ बायको एकदा म्हणाली. ‘त्यांची सून सगळ्या इमारतीत कौतुक करत होती. घरी कधी लसणीची पाकळी तरी सोललीत?’

‘ती सेवा आहे, अगं.’

‘हो का? मग मी कोण?’ बायको म्हणाली, आणि तो दिवस सहसचिवांना जड गेला.

एकदा ते सर्दी-तापाने अंथरुणाला खिळले. संध्याकाळी दारावर थाप पडली, बघतात तर आजोबा. गुडघे धरत, धापा टाकत जिने चढून आलेले. त्यांनी सहसचिवांचं कपाळ चाचपलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला बारीकसारीक विचारलं. जेवतात का नीट? चिडचिड करतात का? स्वतःशी बोलतात का? बायकोने इतकी मनापासून उत्तरं दिली की दूध उतू गेलं. माझ्याशिवाय त्यांना करमत नाही, असं सहसचिव पांघरुणातून म्हणाले.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना माशी शिंकली. एक दिवस कचेरीतून येताना त्यांना जिन्यात साडू दिसला. मुख्याध्यापिकाबाईंच्या दारातून निघत होता, आणि बाई हसत होत्या. त्यांना दात आहेत हे सहसचिवांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

‘साडूभाऊ,’ साडू म्हणाला, ‘तुमच्याकडेच डोकावणार होतो.’

‘बाईंकडे काय काम?’

‘असंच, जरा क्लबाचं,’ साडू म्हणाला आणि नेहमीसारखा हसून निघून गेला.

म्हणजे कल्पना चोरली. साडूही म्हाताऱ्या माणसांच्याच मागे होता, आणि ज्या दारातून सहसचिवांना बाहेर काढलं, त्याच दारातून तो चहा पिऊन निघत होता. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांनी विचारलं तेव्हा त्यांनी तसं सांगितलं, आणि आजोबांनी जास्तीचे मटार काढले.

‘सभेला याल ना?’ सहसचिवांनी सभा जवळ आल्यावर विचारलं. ‘क्लबाची वार्षिक सभा. दोन शब्द बोलाल?’

‘अहो, मला जायचंच आहे तिथे,’ आजोबा म्हणाले. ‘तुम्ही येता की नाही याचीच काळजी होती मला. स्टेजवर यायला लाजणार नाही ना?’

‘आजोबा, स्टेजवर उभं राहायला तर मी जन्मभर थांबलोय.’

‘मग झालं,’ आजोबा समाधानाने म्हणाले. मग दोघांनी एकमेकांचे फोटो काढले. सहसचिव म्हणाले, ‘जरा एकटं पडल्यासारखं तोंड करा.’ आजोबा म्हणाले, ‘तुम्ही करा, तुम्हाला ते छान जमतं,’ आणि आपल्या फोनवर त्यांचेच तीन-चार फोटो काढून घेतले.

सभेच्या दिवशी सहसचिवांनी माइक लावला, खुर्च्या मांडल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून आजोबांना शेजारी घेऊन बसले. एक ओळ मागे बायको आणि धाकटी. मुख्याध्यापिकाबाईही आल्या होत्या. साडू स्टेजजवळ उभा होता, आणि आज तर तो नेहमीपेक्षा उंच वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी पहिला उपक्रम साडूचाच पुकारला. ‘आपल्याला ज्येष्ठांना लाभार्थी करायची खोडच लागली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘यांनी त्यांना कार्यकर्ते केलं. प्रत्येक ज्येष्ठाने आपल्या इमारतीतला एक माणूस निवडायचा. कुढणारा, झुरणारा, ज्याला बोलायला कोणी नाही असा. त्याला रोज बोलतं करायचं. अट एवढीच की त्याला हे कळू द्यायचं नाही, कारण उपकार कळले की माणूस गप्प होतो.’

सभागृहात टाळ्या झाल्या. सहसचिवांना मान्य करावं लागलं की कल्पना चांगली आहे. आपल्यापेक्षा चांगली आहे. ती साडूला सुचली आणि आपल्याला सुचली नाही, हे त्यांना अगदी आत कुठेतरी जाऊन टोचलं.

‘यातल्या एका कार्यकर्त्याने आता आपल्या लाभार्थीला घेऊन यावं,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबा उठले आणि त्यांनी सहसचिवांचं मनगट धरलं. ‘चला.’

‘बसा, आजोबा,’ सहसचिव कुजबुजले. ‘आपला नंबर यायचाय अजून.’

‘आपलाच आहे. उठा.’ ज्या हाताने आयुष्यभर चालत्या बसमध्ये माणसं आत ओढली, त्या हातापुढे विमा कचेरीतला हात काय टिकणार? स्टेजच्या पायऱ्या चढता चढता सहसचिवांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. पण तोवर वर पोहोचले होते आणि मागे फिरायला वाट नव्हती.

‘हा माझा माणूस,’ आजोबा माइकमध्ये म्हणाले. ‘पायरीवर बसून स्वतःशी बोलत होता, तेव्हा मी याला आत घेतला. नोकरी चांगली आहे, बायको चांगली आहे, मी स्वतः चौकशी केली आहे. दुखणं म्हणाल तर एकच. याला एक साडू आहे.’

धाकटीने ताईकडे बघितलं. ताईने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

‘साडूने झाडं लावली, ती जगली, याचं याला दुःख. साडूकडे रांग लागली, दुःख. साडूचे केस गळत नाहीत, त्याचंही दुःख. सुरुवातीला मला वाटलं, साडू नालायक असेल. मग रोज ऐकता ऐकता लक्षात आलं की तो माणूस फार चांगला असणार. वाईट माणसाचा इतका हेवा कोणी करत नाही.’ आजोबांनी सहसचिवांच्या पाठीवर हात ठेवला. ‘पण आता पुष्कळ फरक आहे. पूर्वी टोपली रिकामी झाली तरी साडू संपायचा नाही. आता अर्ध्या टोपलीत संपतो. हे सगळं श्रेय आमच्या टायरवाल्या साहेबांचं.’ आणि त्यांनी मोठ्या आदराने साडूकडे हात केला.

साडू हसत नव्हता. सहसचिवांनी इतक्या वर्षांत त्याला हसू उतरलेल्या चेहऱ्याने पाहिलेलं नव्हतं. असा दिवस उजाडावा म्हणून त्यांनी काय काय इच्छिलं होतं. आता तो समोर होता आणि त्यांना बघवेना.

‘लाभार्थींनी दोन शब्द बोलावेत,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा बारीक झाला होता. ‘नियम आहे.’

सहसचिवांनी सवयीने माइकवर टिचकी मारली. ‘हॅलो, हॅलो,’ ते म्हणाले. ‘मी आता पूर्ण बरा आहे. मला कोणाबद्दल काहीही वाटत नाही. सर्वांचे आभार.’

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्यांच्या सगळ्या हयातीत त्यांच्यासाठी इतक्या टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या, आणि त्या साडूच्या खात्यात गेल्या.

रीत म्हणून नंतर त्यांचाही उपक्रम पुकारला गेला. ‘एकाकी ज्येष्ठांना सोबत,’ डॉक्टरीणबाईंनी वाचलं. ‘आपले लाभार्थी कोण?’

सहसचिवांनी आजोबांकडे बोट दाखवलं.

‘मी?’ आजोबा म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. ‘मी एकाकी? अहो, मी तुमच्यासाठी मटार आणत होतो!’

सभागृह इतकं हसलं की मुख्याध्यापिकाबाईंना चष्मा काढून पुसावा लागला. पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद कोणाला मिळालं हे सांगायला नकोच. सहसचिवांना पुन्हा सहसचिव केलं, एकमताने.

बाहेर पडताना साडू फाटकाशी थांबला होता. तो काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, निदान हसेल तरी, अशी सहसचिवांनी तयारी केली होती. साडू म्हणाला, ‘खुर्च्या आवरायला मी मदत करू का?’ आणि आत जाऊन खुर्च्या उचलू लागला. यापेक्षा चारचौघांत अपमान केला असता तर बरं झालं असतं.

सहसचिवांनी आजोबांकडे जाणं बंद केलं. तोंड कोणत्या तोंडाने दाखवायचं? कचेरीतून परत येताना ते तळमजल्याचं दार टाळून, भिंतीला घासून वर जायचे. पण घरात संध्याकाळ काही केल्या सरेना. साडूने खुर्च्या उचलल्या त्याचं काय करायचं, हे कोणाला सांगणार? बायकोला सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘चांगलं केलं त्याने. तुम्ही त्याच्या जागी असता तर उचलल्या असत्या का?’ हा प्रश्न इतका बरोबर होता की त्यांना तो कोणालातरी ताबडतोब सांगावासा वाटला. आणि असा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता.

‘अहो, जा खाली,’ शेवटी बायकोच म्हणाली. ‘मला तुमचं हे तोंड बघवत नाही. आणि ते म्हातारे दोनदा विचारून गेले.’

ते खाली गेले. तळमजल्याचं दार लोटलेलं होतं. आतून आजोबांचा आवाज आला, ‘रात्री झोप लागते का?’

आवाज तोच, काळजीही तीच. पण प्रश्न दुसऱ्या कोणालातरी. सहसचिवांनी दार थोडं ढकललं.

रोजच्या खुर्चीत, खिडकीशी, साडू बसला होता. ‘कुठली झोप, आजोबा,’ तो म्हणत होता. ‘तुम्ही त्या दिवशी स्टेजवर बोललात तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी त्यांचं एवढं काय वाईट केलं, तेच कळत नाही मला. मला तर ते आवडतात.’

अध्यक्षपद गेलं तेव्हा सहसचिवांना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण आत्ता जी कळ आली तिच्यापुढे ते काहीच नव्हतं. झाडं घे, रांग घे, अध्यक्षपद घे, पण आजोबासुद्धा? सगळ्या शहरात एक माणूस त्यांचं ऐकून घेणारा होता, आणि तिथेही हा आधी येऊन बसला होता.

आजोबांनी वर पाहिलं. ‘या की. पण तुम्ही तर पूर्ण बरे झालात ना? माइकवर सांगितलंत.’

साडू गडबडून उठायला लागला. सहसचिव दारात तसेच उभे राहिले. त्यांनी साडूकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली, त्याचे ते दाट केस पाहिले.

‘कुठला बरा, आजोबा,’ ते म्हणाले. ‘आत्ता याला इथे बघितलं आणि सगळं पुन्हा सुरू झालं.’

‘मग बसा,’ आजोबा म्हणाले. साडूने आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली, आणि सहसचिव त्याच्या शेजारी जाऊन बसले.